नव्या आवृत्तीत काय बदलले?

'आवृत्ती' हा शब्द आपल्या चळवळीतल्या माणसाला नवा नाही. बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' हे न झालेले भाषण १९३६ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाले. त्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, १९४४ साली तिसरी. दुसरीत गांधीजींची टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर परिशिष्ट म्हणून आले. तिसरीत १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध समाविष्ट झाला. हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो, कारण कोणत्या आवृत्तीत काय भर पडली ते बाबासाहेबांनी प्रस्तावनांतून स्वतःच नोंदवून ठेवले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यांनी पुस्तकाच्या आरंभी छापला. स्वल्पविरामही बदलायला नकार देणाऱ्या या लेखकाने, बदल कोणाला हवे होते, कोणते हवे होते आणि कशासाठी हवे होते, याचा सारा कागद वाचकाच्या हाती दिला.

आज आपले पुष्कळसे व्यवहार ज्या वस्तूवर चालतात त्या सॉफ्टवेअरलाही आवृत्त्या असतात. त्या वर्षाला निघतात, महिन्याला निघतात, कधी आठवड्याला निघतात. पण त्यांना अशी प्रस्तावना असतेच असे नाही. मोबाईलवर नवी आवृत्ती येते, तिच्याखाली दोन ओळी असतात: 'त्रुटी दूर केल्या. कामगिरी सुधारली.' कोणती त्रुटी? कोणाची कामगिरी? उत्तर नसते. शिष्यवृत्तीचा काल भरला जाणारा अर्ज आज भरला जात नाही, कालपर्यंत चालणारा दाखला आज चालत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, "सिस्टीम बदललीय." तो खोटे बोलत नसतो. पण हे वाक्य तो ज्या सुरात उच्चारतो तो सूर आपल्या ओळखीचा आहे. पूर्वी त्या जागी 'रूढी' होती, 'नशीब' होते. कोणीतरी केलेली गोष्ट कोणीच केलेली नाही असे भासवण्याची ती जुनीच रीत आहे. सॉफ्टवेअर आपोआप बदलत नाही. त्यातली प्रत्येक ओळ कोणीतरी, एका विशिष्ट दिवशी, काही कारणाने बदललेली असते. ते शोधून काढण्याची साधने पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहेत, आणि ती समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना ती माहीत असली पाहिजेत असे मला वाटते, म्हणून हा लेख.

गावाकडच्या माणसाला हे समजावताना मी सातबाऱ्यापासून सुरुवात करतो. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. पण जमीन आजोबांच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कशी गेली हे सातबारा सांगत नाही. ते सांगते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही. सातबाऱ्यावर फेरफाराचे नुसते क्रमांक असतात. तो क्रमांक धरून वहीतली नोंद काढावी लागते. महार वतनाच्या जमिनींचे प्रश्न ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे सांगायला नको. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर जमीन परत मिळाली, तिच्यावर नव्या शर्तीचा शेरा आला, पुढे कधीतरी तो शेरा दिसेनासा झाला आणि जमीन विकली गेली. हे सगळे कधी, कोणत्या नोंदीने झाले, ते कळते ते फेरफारातच. सॉफ्टवेअरची जी आवृत्ती आपल्या हाती येते ती सातबारा आहे. तिच्या मागे फेरफाराची वही असते. प्रश्न एवढाच की ती आपल्याला पाहायला मिळते की नाही.

ही वही संगणकात सुरू झाली ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी तेथे मूळ संहितेतले बदल क्रमाने साठवणारी पहिली प्रणाली लिहिली. त्याच सुमारास जेम्स हंट आणि डग्लस मॅक्‌इलरॉय यांच्या कामातून 'डिफ' नावाचा छोटा प्रोग्रॅम तयार झाला. १९७४ सालच्या युनिक्सबरोबर तो वाटला गेला आणि आजही जवळजवळ त्याच रूपात वापरात आहे. डिफचे काम सोपे दिसते: दोन मजकूर द्या, तो फरक दाखवतो. पण दोन मजकुरांतला फरक म्हणजे नेमके काय? पहिल्या मजकुरात वर एक ओळ वाढवली की खालच्या साऱ्या ओळी एकेक घर सरकतात. ओळीसमोर ओळ ठेवून पाहिले तर सगळेच बदलल्यासारखे दिसेल. डिफ तसे करीत नाही. दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची शक्य तितकी लांब मालिका तो आधी शोधतो. ही मालिका म्हणजे न बदललेला भाग. पहिल्या मजकुरातले जे तिच्याबाहेर राहिले ते वगळलेले, त्यापुढे उणे चिन्ह. दुसऱ्यातले जे तिच्याबाहेर राहिले ते नवे, त्यापुढे अधिक चिन्ह. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' हा प्रोग्रॅम लिहिला. डिफने काढलेली फरकाची यादी जुन्या मजकुराला लावली की हा प्रोग्रॅम नवा मजकूर तयार करतो. यामुळे सगळे पुस्तक पाठवायची गरज उरली नाही. शुद्धिपत्र पाठवले की भागू लागले.

कायद्याच्या अभ्यासकांना ही रीत ओळखीची वाटेल, कारण आपल्या संसदेचे सुधारणा अधिनियम नेमके असेच लिहिलेले असतात. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ साली संमत झालेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेली सुधारणा वाचा. तिच्यात सलग कायदा सापडत नाही. अमुक पोटकलमाऐवजी तमुक मजकूर घालावा, अशा सूचना सापडतात. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तक्रार नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी या अटी आणल्या. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेने मूळ कायद्यात कलम १८ नंतर '१८ क' दाखल केले आणि त्या दोन्ही अटी काढून टाकल्या. डिफच्या भाषेत बोलायचे तर एकही ओळ उणे झाली नाही, काही ओळी अधिक झाल्या. आमच्या काळातला इतका छोटा आणि इतका महत्त्वाचा पॅच मला दुसरा माहीत नाही. तो समजायचा तर जुना कायदा डावीकडे आणि सुधारणा उजवीकडे ठेवूनच बसावे लागते. वकिलाच्या तोंडून सारांश ऐकून भागत नाही.

आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर 'गिट' नावाची प्रणाली वापरतात. ती लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली. गिटमधल्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात: बदल कोणी केला, केव्हा केला, त्याचे त्याने दिलेले कारण आणि बदलानंतरची साऱ्या मजकुराची स्थिती. या सगळ्यावरून गणिताने एक लांबलचक क्रमांक निघतो, आणि तो काढताना आधीच्या नोंदीचा क्रमांकही हिशेबात धरला जातो. त्यामुळे मागची एखादी नोंद गुपचूप बदलली तर तिच्यानंतरच्या साऱ्या नोंदींचे क्रमांक बदलतात आणि लबाडी उघडी पडते. दुसरे असे की, काम करणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण वही असते. कल्पना करा, गावातल्या प्रत्येक घरात सगळी फेरफार वही आहे, आणि तलाठ्याने एक पान फाडले तर शंभर घरांतली पाने त्याच्याविरुद्ध साक्ष देतात! अर्थात ही सोय ज्यांची मूळ संहिता खुली आहे त्यांच्याच बाबतीत आहे. सरकारी खिडकीपलीकडे जे चालते त्यातल्या पुष्कळशा सॉफ्टवेअरची वही ठेकेदाराच्या कपाटात असते.

वहीतल्या हजारो नोंदी कोण वाचणार? म्हणून नव्या आवृत्तीबरोबर बदलांची निवडक यादी द्यायची पद्धत पडली. तिला 'चेंजलॉग' म्हणतात. आवृत्तीच्या आकड्यांनाही काही अर्थ असावा म्हणून टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तीन आकड्यांचा एक संकेत मांडला. पहिला आकडा वाढला तर जुन्याशी मेळ तुटला, दुसरा वाढला तर काही नवे आले पण जुने चालेल, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. संकेत चांगला आहे. तो पाळणे मात्र पाळणाऱ्यावर आहे. डिफ आणि चेंजलॉग यांतला फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. डिफ काय बदलले ते सांगतो, का बदलले ते त्याला कळत नाही. एखादा परिच्छेद नुसता वरून खाली हलवला तरी तो एक वगळला आणि एक नवा आला असेच म्हणतो. चेंजलॉग कारण सांगतो, पण तो माणसाने निवडून लिहिलेला असतो. जे सांगावेसे वाटले तेच त्यात येते. इतिहासलेखनाविषयी आपण जे आक्षेप घेत आलो ते येथेही लागू पडतात.

याचे टोकाचे उदाहरण २०२४ साली जगाने पाहिले. 'एक्सझेड' नावाचे, मजकूर आवळून साठवणारे एक खुले सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत ते असते. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावी सहकाऱ्याने त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. गंमत अशी की तो दरवाजा उघडणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या वहीत नव्हतीच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी एक फाईल वेगळी होती. वही वाचणाऱ्याला काही दिसले नसते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दुसऱ्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार जाहीर केला. वहीत लिहिलेले आणि हातात पडलेले ही दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिली पाहिजेत, हे त्यानंतर लोक गंभीरपणे बोलू लागले. रेशनच्या दुकानात पुस्तकातली नोंद आणि मापातले धान्य ताडून पाहणाऱ्या आपल्या बायांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता ज्या बदलाचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे त्याकडे येतो. तो एका अक्षराचा बदल आहे. ते अक्षर म्हणजे 'ॲ'.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणारी जागतिक सूची म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीला तीत १२८ घरे मिळाली आणि त्यांची मांडणी भारतीय लिपींसाठी आपल्याकडे १९८८ साली तयार झालेल्या 'इस्की' या संकेतावरून घेतली गेली. त्या मांडणीत इंग्रजी शब्दांतल्या या स्वरासाठी 'ऍ' हे, म्हणजे 'ए'वर अर्धचंद्र दिलेले, रूप होते. मराठी माणूस मात्र 'अ'वर अर्धचंद्र देतो. त्याला स्वतंत्र घर नव्हते. मग लोकांनी काय केले? काहींनी 'ऍ' चालवून घेतले. काहींनी आधी 'अ' टाईप केला, त्याचा आकडा ०९०५, आणि त्यावर सुटा अर्धचंद्र दिला, त्याचा आकडा ०९४५. पडद्यावर ठीक दिसले, काम भागले. मग एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची ५.१ ही आवृत्ती निघाली. तीत जगभरच्या लिपींची मिळून १६२४ नवी चिन्हे आली, आणि त्यांतले एक ०९७२ क्रमांकाच्या घरात बसले: 'ॲ'. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाणित वर्णमाला जाहीर केली, तीत 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत स्थान मिळाले. ५.० वरून ५.१! आकड्याकडे पाहिले तर किरकोळ बदल. मराठीपुरता मात्र त्या दशकातला मोठा.

हा बदल कोणालाही स्वतः तपासता येतो, आणि मी विद्यार्थ्यांना तो करूनच दाखवतो. युनिकोड आपल्या प्रत्येक आवृत्तीबरोबर साऱ्या अक्षरांची एक साधी फाईल प्रसिद्ध करते. प्रत्येक अक्षराला एक ओळ. ५.० ची आणि ५.१ ची फाईल घेऊन डिफला दिली की ०९७२ ची ओळ अधिक चिन्ह घेऊन समोर येते. कोणते अक्षर कोणत्या आवृत्तीत जन्मले याची निराळी यादीही उपलब्ध आहे, जणू अक्षरांच्या जन्मनोंदीची वही! पण खरी गोष्ट त्या ओळीच्या पोटात आहे. ओळीत अर्धविरामांनी विभागलेले रकाने असतात. त्यांतला सहावा रकाना सांगतो की हे अक्षर दुसऱ्या कोणत्या अक्षरांच्या जोडीशी समान मानायचे. 'ऱ' ची ओळ काढा, तिच्या सहाव्या रकान्यात 'र' आणि नुक्ता यांचे आकडे दिसतील. म्हणजे 'ऱ' एका आकड्याने लिहा की दोन आकड्यांनी, संगणकाला ते एकच आहे असे सांगण्याची सोय आहे. 'ॲ' च्या ओळीत सहावा रकाना रिकामा आहे.

त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ असा: 'अ' आणि सुटा अर्धचंद्र ही जुनी जोडी आणि 'ॲ' हे नवे अक्षर डोळ्यांना एक, पण संगणकाला दोन. युनिकोडच्या ग्रंथात जुनी जोडी वापरू नये अशी सूचना आहे, पण आधीच टाईप झालेल्या मजकुराला ती सूचना कशी कळणार? शिवाय युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेले घर परत घ्यायचे नाही, अक्षराचे ठरलेले नाव आणि समानतेचे ठरलेले नियम बदलायचे नाहीत. नियम योग्यच आहे, त्यावाचून जुने दस्तऐवज वाचता येणार नाहीत. पण त्यामुळेच ही फट आता कायमची आहे.

आता विचार करा, आपल्या कामात 'ॲ' ने सुरू होणारा कोणता शब्द सर्वांत जास्त येतो? 'ॲट्रॉसिटी'. कायद्याचे पूर्ण नाव कोणी घेत नाही, वाडीवस्तीवरची बाईही "ॲट्रॉसिटी लावली" असेच म्हणते. कायदेविषयक मदत करणाऱ्या एका गटाने जमवलेली वर्तमानपत्री कात्रणे आणि तक्रारींच्या प्रती संगणकावर चढवल्या गेल्या, ते काम मी जवळून पाहिले आहे. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कळफलकांवर टाईप झालेला तो मजकूर. त्यात 'ॲट्रॉसिटी' हा शब्द तीन प्रकारे होता: 'ऍ' ने, जुन्या जोडीने आणि नव्या अक्षराने. एका प्रकाराने शोध घेतला की दुसऱ्या दोन प्रकारांतल्या नोंदी येत नसत. संगणक चूक झाली असे सांगत नाही. तो शांतपणे थोडी यादी देतो आणि ती पूर्ण वाटते. एखाद्या तालुक्यातली प्रकरणे मोजायला बसलेला विद्यार्थी ती यादी मोजतो, आकडा लिहितो, आणि तो आकडा कोणाच्या तरी भाषणात जातो: "येथे तर फारशी प्रकरणेच नाहीत." ज्यांच्या वाट्याला अन्याय आला आणि ज्यांनी हिंमत करून तो कागदावर आणला, त्यांची नोंद असूनही नसल्यासारखी. हा प्रश्न तांत्रिक आहे असे म्हणून सोडून द्यायचा का?

अनुक्रमाचेही असेच. नुसत्या आकड्यांच्या क्रमाने यादी लावली तर ०९७२ हा आकडा 'ह' च्या ०९३९ नंतर येतो. सगळे 'ॲड.' अमुक आणि 'ॲड.' तमुक यादीच्या तळाशी जातात. २००८ पूर्वीच्या फॉन्टात नव्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसे. उलट अक्षरजुळणीच्या काही प्रणाल्या आता जुन्या जोडीतल्या अर्धचंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढतात, म्हणजे पूर्वी सुरळीत दिसणारा मजकूर नव्या आवृत्तीत विद्रूप होतो. मजकूर कोणी बदललेला नसतो, तो दाखवणारे सॉफ्टवेअर बदललेले असते. 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'करणाऱ्या' यांतल्या त्या कोयत्यासारख्या 'र' चीही दोन रूपे आवृत्त्यांच्या इतिहासातून आलेली आहेत. इस्कीच्या रीतीने ते 'ऱ' आणि हलन्त यांनी लिहायचे. युनिकोडच्या २.० आवृत्तीत 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी रीत होती, ती जुन्याशी मेळ राहावा म्हणून पुढेही मान्य ठेवली गेली. तेव्हा 'अन्याय करणाऱ्या' हे शब्दही दोन तऱ्हांनी साठलेले असू शकतात. मल्याळी लोकांचे हाल याहून अधिक झाले. त्यांच्या चिल्लू अक्षरांना स्वतंत्र घरे मिळाली तीही याच ५.१ मध्ये, आणि त्यावर त्यांच्यात मोठा वाद झडला. निदान त्यांच्यात वाद तरी झाला. आपल्याकडे हे अक्षर आले तेही बहुतेकांना कळले नाही.

हे ठरवते कोण? युनिकोडच्या तांत्रिक समितीत मत देण्याचा अधिकार सभासदांना असतो, आणि सभासदत्वाला पैसे पडतात. त्यात मोठ्या कंपन्यांचा भरणा आहे. पण प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो आणि प्रस्तावांचे कागद सर्वांना वाचता येतात. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या साहित्य संमेलनांतून या कागदांची चर्चा झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बदलांची यादी वाचताना शब्दांकडेही लक्ष ठेवावे. माहितीचा साठा एकाहून अधिक यंत्रांवर ठेवतात, तेव्हा एक यंत्र मुख्य असते आणि बाकीची त्याची नक्कल करतात. या नात्याला तंत्रज्ञांनी दीर्घकाळ 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' अशी नावे दिली होती: मालक आणि गुलाम. नाव देणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही, यातच सगळे आले. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या पुरवठादारांना हे शब्द टाळायला सांगितले तेव्हा त्याची थट्टा झाली. पुढे २०१४ साली जँगोने, २०१८ साली पायथन आणि रेडिस यांनी ते बदलायला घेतले. मायएसक्यूएलने ऑक्टोबर २०२० मधल्या ८.०.२२ या आवृत्तीत गुलामाच्या जागी 'रेप्लिका' म्हणजे प्रतिकृती हा शब्द आणला, पण जुन्या आज्ञा चालू ठेवल्या. त्या काढल्या गेल्या त्या २०२४ सालच्या ८.४ मध्ये. शब्द बदलून काय होते, असे विचारणारे आपल्यातही आहेत. 'हरिजन' या शब्दाविषयी आपण काय भूमिका घेतली हे त्यांनी आठवावे. मात्र येथे आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. जुन्या आज्ञेवर विसंबलेले कितीतरी छोटे प्रोग्रॅम ८.४ येताच बंद पडले असतील. यादीत सुमारे साडेतीन वर्षे आधीपासून सूचना होती. ज्यांनी यादी वाचली ते तयार होते.

आपल्या नियतकालिकांचे जुने अंक, सभांचे वृत्तान्त, लोकगीते, खटल्यांचे कागद हे सारे आता ठिकठिकाणी संगणकावर चढते आहे. त्यातले पुष्कळसे आधी छापखान्याच्या जुन्या फॉन्टांत टाईप झालेले आहे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असे, आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा निराळा. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम स्वतःही आवृत्त्यांचा असतो. म्हणून रूपांतर झाले की मूळ फाईल फेकून देऊ नये. ती कोणत्या फॉन्टात होती, कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या तारखेला रूपांतर केले, हे शेजारी साध्या मजकुरात लिहून ठेवावे. सुधारित प्रोग्रॅम आला तर मूळावरून पुन्हा रूपांतर करून दोन्हींचा डिफ काढता येतो, आणि काय बदलले ते ओळीओळीने दिसते. शोधाच्या खिडकीमागे 'ॲ' ची तिन्ही रूपे एक मानण्याची सोय टाईप करून देणाऱ्याकडून करारातच लिहून घ्यावी. प्रोग्रॅमरला ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. मूळ मजकुरात मात्र हात घालू नये. शोधासाठी वेगळी प्रत ठेवावी, तीत हवी ती एकरूपता आणावी.

आणि खिडकीपलीकडून "सिस्टीम बदललीय" असे ऐकू आले तर तेथेच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आधीच्या आवृत्तीचा क्रमांक, आताच्या आवृत्तीचा क्रमांक, आणि दोन्हींमधल्या बदलांची यादी. शासकीय कार्यालय असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज याच शब्दांत लिहिता येतो. अर्जात 'सॉफ्टवेअरविषयी माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर मोघमच उत्तर येईल. दोन तारखा द्याव्यात, ज्या दिवशी अर्ज स्वीकारला गेला होता ती आणि ज्या दिवशी नाकारला गेला ती, आणि त्या दोन तारखांच्या दरम्यान कोणते बदल, कोणाच्या आदेशाने झाले ते विचारावे.